पश्चिम बाजूची माती

ती. वहिनींस,

गेलेल्या माणसाला नमस्कार लिहितात की नाही, मला माहीत नाही. मी लिहितो. आजच लिहायचं कारण असं की औरंगाबादचे इंजिनिअर साहेब सोमवारी धावड्याला येणार आहेत. माझ्या बिनलाकडी छताची चाळीस घरं बांधायचं त्यांच्या मनात आहे. तुमचं घर कशानं पडलं याचा कागद त्यांनी मागितला. तो मी लिहिला, आणि त्यात चूक तुमच्या नावावर टाकली.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी माळवदाची, त्या मातीच्या सपाट छतांची, लाकडं काढून विकली, आठवतं? पुढं छत घालायला तुळई कुणाकडे राहिली नव्हती. तेव्हा मी बैलाची साखळी दोन खिळ्यांवर भिंतीला टांगली, तिचा झोल कोळशानं उतरवून घेतला आणि तीच रेघ उलटी धरून विटांची कमान रचली. तुम्ही दारातूनच विचारलं होतं, "भावजी, बैल मोकळा अन् साखळी भिंतीला? काय करून राह्यले?" चौथी शिकलेल्या माणसाला हे सुचलं, याचा मला केवढा ताठा होता!

जाडी फक्त अडीच इंच. अंगणात नमुना उभा करून मी त्यावर वाळूची पोती चढवली, एकेक तोलून, दोन्ही बाजूंना बराबर सारखी. असं छत घालायला पहिलं घर दादांनी स्वतःचं दिलं. दादा दिवसभर शेतात. त्या छताखाली चूल तुमची. तुम्हाला भीती वाटत होती का? मी कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही म्हणालात, "भावजी, पश्चिमेकडून थेंब पडून राह्यला."

"माझं छत गळत न्हाई, वहिनी. तुमचा हंडा पाझरत असंल."

"हंडा खाली हाय. थेंब वरून येतो, मिस्त्रीसाहेब."

तुम्ही हसलात. मला ते 'साहेब' टोचलं. शिडी भिंतीलाच टेकलेली होती, पण मी चढून बघितलं नाही.

मग तुम्ही तेच केलं जे तुमच्या आईनं, सासूनं, इथल्या प्रत्येक बाईनं केलं. गावाच्या टेकाडावरची पांढरी माती आणली आणि जिथं गळत होतं तिथं, फक्त पश्चिमेच्या बाजूला, टोपल्यांमागून टोपल्या टाकून चोपली. माळवदावर ही माती पाणी अडवते. माझ्या पातळ कमानीवर ती एकाच अंगाचं ओझं झाली. झड लागली, माती भिजून जड होत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही भाकरी थापत होता.

विटा मी स्वतः उपसल्या. तुमचा हात दिसत होता, आणि तेव्हाही मी कमान आधी कुठं उकलली ते बघत होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लोक म्हणाले, "बाईनं माती टाकली, मिस्त्रीचा काय दोष?" मी मान डोलावली. साहेबही म्हणाले, "राहणाऱ्याची चूक. छत बरोबर आहे. तसं लिहून द्या." मी कागद दादांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ती तं गेली. तिचं नाव लिहून तुझं काम होतं का? मंग लिही." अन् उठून गोठ्यात गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत.

माझाही एक राग आहे, वहिनी. माती टाकण्याआधी मला हाक का मारली नाही? दोन घरं सोडून तर मी होतो. पण हाक तुम्ही मारली होती. तीच मी थट्टेवारी नेली.

सोमवारी साहेबांना दुसरा कागद देईन. त्यात लिहीन की छत गळत असल्याचं बाईनं सांगितलं होतं, मिस्त्रीनं बघितलं नाही. गळत्या छतावर इथं माती टाकतात हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, तरी त्यानं ते वजन हिशेबात धरलं नाही. चाळीस घरं हातची गेली तर जाऊ द्या.

पुन्हा नमुना बांधीन. वस्तीतल्या बायांना भिंतीवर उभं करून सांगीन, ओली माती वाटेल तिथं टाका, वाटेल तेवढी. त्या थकून उतरेपर्यंत मी त्या कमानीखाली बसून राहीन.

तुमचा धाकटा दीर,
नामदेव