कवडीची सावली

लोणावळा,
रविवार, १० नोव्हेंबर १९६८

चि. कोंडूस,

बहिरूचा आशीर्वाद. भात कापून खळ्यावर आले. दाणा बरा आहे. आईचे गुडघे दुखतात, पण बसून राहा म्हटले की जास्त दुखतात. तुझी रात्रपाळी आता संपली असेल.

आबांच्या पोटाबद्दल तुला गणपतीत कार्ड टाकले होते. उत्तर आले नाही, ते असो. त्यांना मी पुण्याच्या इस्पितळात नेले. उपाशीपोटी खडूच्या पाण्यासारखे पांढरे औषध पाजून पोटाचा फोटो काढला. आबा म्हणाले, "दूध म्हनावं तर ग्वाड न्हाई, चुना म्हनावं तर भाजत न्हाई."

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. जठर एका बाजूला ढकललेले दिसत होते. त्यामागे स्वादुपिंडाला पाण्याची गाठ आली असावी, म्हणाले. त्या गाठीच्या जागी एक लहानशी पांढरी कडा होती. "ही कडा मला आवडलेली नाही. अशी गाठ कधी कधी वाईट निघते." वाईट म्हणजे काय, ते मी विचारले. त्यांनी सांगितले. घरी मी सांगितले नाही. आईला म्हटले, फोटो हलला, पुन्हा काढायचा आहे.

दुसऱ्या वेळी फोटो काढणाऱ्याने आबांचा झगा वर केला. बरगडीखाली ओढून घेतलेला करदोडा, आणि त्यात ओवलेली, पाठीकडे फिरवलेली आईची नवसाची कवडी. पहिल्या वेळी 'अंगावरचं सगळं काढलं का' म्हणून विचारले, तेव्हा आबा 'व्हय' म्हणाले होते.

"आबा, खोटं का बोललात?"

"करदोडा मेल्यावर काढत्यात. मी काय मेलोय का?"

शेवटी न सोडता तो खाली सरकवला. गुडघ्यांपर्यंत आला, कोंडू. वाटेत कुठे अडला नाही.

या फोटोत पांढरी कडा नव्हती. घरी येऊन आबांनी आईला सांगितले, "तुज्या कवडीचीच गाठ व्हती गं." आईने साऱ्या कुरवंडे गावात घरोघर गूळ वाटला. मीही खाल्ला. डॉक्टरांचे पुढचे बोलणे ऐकून आलो होतो, तरी खाल्ला. कडा गेली, गाठ तिथेच आहे. तिने जठर किती ढकलले ते फोटोत दिसते, तिच्या आत काय आहे ते दिसत नाही. कडा नाही म्हणून गाठ चांगली, असेही नाही. पोट उघडल्यावाचून कळायचे नाही.

काल आबांना सगळे सांगितले. खळ्यावर पेंढ्याला टेकून ऐकत होते. ऑपरेशनला तयार आहेत. पण त्या वेळी करदोडा अंगावर चालणार नाही, सरकवूनही नाही. मी सोडतो म्हटले, तर नको म्हणाले. आईलाही नको म्हणाले.

नाशकाला नोकरीवर जाताना तू स्वतःचा करदोडा तोडून चुलीत टाकलास. त्यावरून ते जे बोलले ते तू विसरला नसशील, आणि तेही विसरलेले नाहीत. मी त्यात पडत नाही. त्यांचे शब्द फक्त कळवतो. "कोंडूला बोलव. त्याला तोडाया येतंय. आन म्हनावं, मला नवा बांधल्याबिगर नाशकाला जायचं न्हाई."

आईने नवा काळा गोफ आणून ठेवला आहे. आखूड करू का, म्हणत होती. मी म्हटले, जुन्या मापाचाच ठेव.

ऑपरेशन १९ तारखेला, मंगळवारी. सोमवारी दुपारपर्यंत पुण्याला ये, मी स्टेशनवर असेन. आला नाहीस तर करदोडा मी सोडीन, आणि तुझी गाडी चुकली असे आबांना सांगेन. एक खोटे आधी पचले आहे, हेही पचेल.

तुझी वाट पाहणारा,
थोरला भाऊ
बहिरू