लाल पेन्सिलीची ओळ

ता. ९ नोव्हेंबर, रविवार
दुपारचे तीन, दुकान बंद

प्रिय भोपळ्या,

सत्कार व्हायच्या वयातल्या माणसाला या नावाने हाक मारू नये, असं तुझी बायको म्हणते. पण गणितात लागोपाठ तीन शून्यं आणून हे नाव तूच कमावलंस, त्याला मी काय करू? इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, शिलाईचं मशीन कुरकुरत नाही. दोघांपैकी एकाला तरी तेल वेळेवर मिळतंय.

तू सांगितलेलं काम केलं. गणिताचे सर सापडले. बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहतात. ब्याऐंशीचे झालेत, ऐकू कमी येतं, पण खुर्चीपासून दारापर्यंत किती पावलं ते मोजून ठेवलंय. नऊ. तुझ्या सत्काराला यायला एका पायावर तयार आहेत.

पत्र खरं तर इथेच संपायला हवं. पण तू फोनवर म्हणालास की ते चौकटीतलं वहीचं पान स्टेजवर नेणार, आणि सरांच्या या एका ओळीने मला घडवलं असं सगळ्यांना सांगणार. फोनवर धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

ती ओळ सरांची नाही. मी लिहिली होती.

आठव जरा. तू सहावीत होतास. तिसऱ्या शून्यानंतर दप्तर कोपऱ्यात भिरकावलंस आणि बाबांना म्हणालास, मला दुकानातच बसवा. बाबा तयारही झाले. सर कुणाच्या वहीत कधी शब्द लिहीत नसत. बरोबरची खूण नाहीतर काट, बस्स. मग त्यांनीच एखादी ओळ लिहिली तर या पोराचं काय होईल, हे मला बघायचं होतं. बाबांची कापडावर खुणा करायची लाल पेन्सिल घेतली, फळ्यावरचं सरांचं अक्षर आठवलं आणि चुकलेल्या गणिताखाली लिहिलं, ‘तुझी रीत वेगळी आहे. मला आवडली. पुढचं करून दाखव.’ गणिताची रीत कशाशी खातात, मला काय ठाऊक! एक गिऱ्हाईक बाबांनी शिवलेल्या कोटाबद्दल तसं बोलून गेलं होतं आणि बाबा दिवसभर शीळ घालत होते, म्हणून तेच लिहिलं.

आणि मग तू! शाई आहे की पेन्सिल, हेसुद्धा पाहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सांगितली होती चार गणितं, तू नऊ करून गेलास. महिन्याभरात सर तुला फळ्याशी बोलवायला लागले. मी तर चाटच पडले. ओळ माझी, मग सर का बोलवतात? चाळीस वर्षं हे कोडं माझ्या डोक्यात आहे.

आता तू म्हणशील, ताईची माया. तेवढं म्हणू नकोस रे. सातवीनंतर माझी शाळा सुटून वर्ष झालं होतं, आणि बाबांनी नुकतंच मला मशीनवर बसू द्यायला सुरुवात केली होती. तू दुकानात आला असतास तर मशीन तुझं झालं असतं आणि मी परत चुलीपाशी. मला तू शाळेत हवा होतास, कारण मला मशीन हवं होतं. पूल बांधणारा भाऊ वगैरे काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. याची मला लाज वाटते, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटते.

तर गुरुवारी सरांकडे पुन्हा गेले आणि सगळं ओकून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ते त्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांची शाई, आणि ही मेणचट पेन्सिल. खोडून टाकणारच होते. पण असं कुणी का लिहिलं म्हणून त्यांनी तुझं गणित पुन्हा वाचलं. उत्तर चुकलं होतं, रीत मात्र खरंच वेगळी होती. शून्य देताना त्यांनी ती पाहिलीच नव्हती. मग त्यांनी त्या ओळीखाली सही केली. चौकटीतून पान काढून बघ, वर पेन्सिल आहे आणि खाली शाई.

माझं कोडं सुटलं. मी उठणार होते, तेवढ्यात त्यांचा कोट दिसला, बाह्या विरलेल्या. म्हटलं, सत्काराला नवा शिवते, माप द्या. मी नेहमीसारखी तोंडाने पुटपुटत माप घेत होते, छाती अडतीस, सहावा भाग सव्वासहापेक्षा जरा जास्त, उजवा खांदा उतरलेला म्हणून तिथे एक सूत कमी. सरांनी माझा हात धरून थांबवलं.

“लिहून घेत नाही तुम्ही?”

म्हटलं, कधीच नाही. त्यांनी मला पाच-सहा अवघड मापं घातली. मी सांगत गेले, ते कागदावर ताडून बघत गेले. मग चष्मा काढला आणि एकदम तुम्हीवरून तूवर आले.

“तू माझ्या वर्गात होतीस ना? मी तुझी वही नीट पाहिलीच नाही.”

घरी येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. चोपन्नाव्या वर्षी, भर बाजारात. पण शुक्रवारी सकाळी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मी आधी शंभर पानी वही विकत आणली. मंगळवारी आणि शनिवारी सर मला भूमिती शिकवणार आहेत. काल पहिला धडा झाला. चार गणितं घातलीत, मी सात केली. दोन चुकलीत बहुतेक. परवा वही दाखवायची आहे, म्हणून सकाळपासून तिसऱ्यांदा तपासतेय.

स्टेजवर काय सांगायचं ते तू ठरव. पान नेलंस तर हरकत नाही, न नेलंस तरी मी पहिल्या रांगेत असेन, सरांचा कोट सावरत. राग आला असेल तर रागाचं लिही. पण लिही. एक ओळ पुरे, एका ओळीने काय होतं ते आता मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

तुझी ताई,
इयत्ता आठवी