गोड पाण्याचा चर

९ डिसेंबर

झालं! तळ्याची राखण यंदा माझ्या गळ्यात. पाळी घरोघर फिरते. मी सहा वर्षं ट्रकच्या फेऱ्या पुढे करून चुकवली. काल सभेत मेहुणा फेलिसियानो सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजींना मिठाच्या मैदानात डोळे मिटून रस्ता सापडतो. तळं तेवढं सापडत नाही." सगळे हसले. मीही हसलो आणि राखणीची काठी घेतली. दुसरं काय करणार?

१२ डिसेंबर

ट्रक तळ्याकाठी उभा केला. आता हेच घर. पाण्यामधल्या उंचवट्यावर रोहित पक्ष्यांची घरटी — चिखलाचे बुटके खुंट, तीनशेच्या वर. लहानपणी ही अंडी मीही खाल्लीत. आता गावानं सोडली. पण डिसेंबर लागला तरी पावसाचा पत्ता नाही, काठाला रोज वीतभर नवं मीठ उघडं पडतंय.

१५ डिसेंबर

मामा ओरडला. दोनदा, दक्षिणेच्या उतारावरून. (इथं बसून त्याला कोल्हा म्हणायची माझीही छाती नाही.) सप्टेंबरात त्याच्याच ओरडण्यावरून आम्ही पेरणी ठरवली होती. सकाळी मिठावर पावलं दिसली — पाण्यापर्यंत येऊन परत फिरलेली. पाणी हटलं की तो सरळ चालत जाईल घरट्यांत.

बसवत नाही. तीन फेऱ्या मारल्या.

१८ डिसेंबर

सुचलं! डोंगराच्या पायथ्याला झरा आहे. दोनशे पावलांचा चर खणला की पाणी तळ्यात.

खणत होतो तेव्हा प्रिमितिवा आजी लामा घेऊन चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "ते पाणी इथं आणू नकोस, पोरा. इथली पहाट त्याला सोसत नाही." का, ते विचारलं. त्यांनी कोकाची पानं गालात सरकवली आणि निघाल्या. पन्नाशीचा पोर मी! म्हातारीला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

२३ डिसेंबर

चार बोटं पाणी चढलं! गोड पाणी खाऱ्यात मिसळत नाही, वर वर पसरतं. घरट्यांभोवती पुन्हा चकाकी आली. स्वतःवरच खूश आहे.

उतारावर लामांसारख्याच, पण रानटी, सात विकुन्या चरताहेत. संध्याकाळी रोजच्यासारखा रेडिएटर रिकामा केला, नाहीतर सकाळी गोठून फुटायचा.

२७ डिसेंबर



पहाटे वारा मुळीच नव्हता. पाखरांचा कलकलाट वेगळा लागला म्हणून जागा झालो. त्याखाली आणखी एक आवाज — टक टक. काचेवर नखं वाजावीत तसा. काच पुसून पाहिलं. मामा तळ्यावरून चालत होता. पाण्यावरून!

बर्फ. खारं पाणी इथं या दिवसांत कधी गोठत नाही. गोठलं ते मी आणलेलं.

ओरडत धावलो. माझ्या वजनाखाली पापुद्रा फुटला, कमरेपर्यंत चिखलात गेलो. एक्केचाळीस घरटी गेली.

रोज संध्याकाळी रेडिएटर रिकामा करणारा मी! दुपारच्या आत चर बुजवला.

२८ डिसेंबर

फेलिसियानो आला. घरटी मोजली, पावलं पाहिली. म्हणाला, "मामा चळला." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो गावात गेला. संध्याकाळी निरोप: प्रिमितिवा आजींकडे विषाचा डबा आहे, मामाला घालायचं का ते रविवारी सभेत ठरेल.

३० डिसेंबर

 खडकांत मामाची मादी दिसली, तीन पिल्लं घेऊन.

मी शून्यातून वर आलो ते कानांवर. मीठ कुठं पोकळ वाजतं ते मला ऐकू येतं, म्हणून चार गावं मला रस्ता विचारतात. ही गोष्ट सांगितली तर उद्या कोण विचारेल? गप्प राहणं सोपं आहे. तोंड उघडायचं नाही, बस्स.

२ जानेवारी

परत ओरडला. मध्येच आवाज तुटला त्याचा. की मलाच तसं वाटलं?

४ जानेवारी

सभेत उभा राहिलो. चर, बर्फ, रेडिएटर — सगळं सांगितलं. कुणी दचकलं नाही. फेलिसियानो म्हणाला, "दाजी, बुजवलेला चर मला त्याच दिवशी दिसला होता. आठवडा झाला, वाट बघतोय आम्ही."

प्रिमितिवा आजींनी डबा उघडला, चिमूटभर विष तोंडात टाकलं आणि डबा माझ्यापुढे धरला. जवाचं पीठ.