तेराशेची एस्टीम

शेळगाव, शनिवार संध्याकाळ

प्रिय विजयसिंह,

'प्रिय' लिहून माझं मलाच हसू आलं. हात जुन्या वळणानं गेला, तर जाऊ दे. गेल्या रविवारी शर्यत संपल्यावर तू माझ्याकडं न बघता मंडपाच्या मागनं निघून गेलास, बोलणं झालंच नाही. मग म्हटलं, लिहावं.

एवढ्या जुन्या एस्टीमला पुण्यातल्या कुठल्या गॅरेजनं तयार केलं, असं तू विचारत होतास म्हणे. पुण्याला कशाला जाऊ? आबांचीच गाडी ती. आमच्या शेडमध्ये पेंडीच्या पोत्यांशेजारी पडून होती, टपावर कोंबड्या बसायच्या. नवं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आहे त्याच इंजिनाला मोकळा श्वास घ्यायला लावला. इंजिनावरचं हेड उतरवलं, हवा आत जायच्या वाटा हातानं घासून गुळगुळीत केल्या. बारामतीच्या एमआयडीसीत मिलिंग मशिनवर हेडचा तळ जरासा छाटून घेतला, त्यानं आतला दाब वाढतो. इंदापूरच्या सायलेन्सरवाल्याकडून भंगारातल्या पाइपांचा नवा एक्झॉस्ट वळवून आणला. मागची सीट, स्टेपनी, कार्पेट सगळं काढून टाकलं, कारण वजन उतरवायला खर्च येत नाही. यातलं तुला काहीच नवीन नाही. तुझ्या गॅरेजमध्ये तुझ्या पांढऱ्या एस्टीमला हेच सगळं मी केलं होतं. आपला साखरपुडा व्हायचा होता तेव्हा. तू शेजारी स्टुलावर बसून बघत होतास, आणि मला ते फार आवडायचं.

साखरपुड्यानंतर त्याच गाडीवर तू पहिला आलास आणि त्या यूट्यूबवाल्यानं तुझी मुलाखत घेतली. हेडचं काम रात्रंदिवस खपून एकट्यानं केलं, असं तू सांगितलंस. मागं मी दिसत होते म्हणून त्यानं विचारलं, या कोण? तू म्हणालास, "ती व्हय? ती चहा द्यायला येते." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा हसू आलं नाही. तुला विचारलं, तर म्हणालास, "नवराबायकोत कुणाचं का नाव होईना, काय बिघडतंय?" अंगठी मी तुझ्या टेबलावर ठेवली. तुम्ही घरच्यांनी मात्र तुमच्या कन्हेरी गावभर सांगितलंत की पोरीचं डोकं फिरलंय, म्हणून आम्हीच मोडलं. तेही सोसलं असतं. पण बारामतीतल्या एकाही गॅरेजनं मला कामावर घेतलं नाही. एकानं तर तोंडावर सांगितलं, "विजयसिंहचा फोन आला होता, ताई. तुम्ही इंजिनं बिघडवता म्हणे."

त्या दिवशी मी शेडमधल्या कोंबड्या हाकलल्या.

पहिल्यांदा इंजिन बिघडवलं, ते मात्र खरं. काटकसर म्हणून हेडखालचं जुनंच गॅस्केट परत बसवलं आणि वरकुट्याजवळ ते उडालं. पांढऱ्या धुराचे लोट! आबा ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधताना म्हणाले, "गाडी हाय का म्हस? वडल्याबिगर हलंना." मी रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागले. गाडीसाठी नाही, दोन वर्षांचं सगळं तिथंच बाहेर आलं. आबा दोर तसाच टाकून शेजारी बसले. म्हणाले, "त्याला दाखवायचं हाय न्हवं? मग रडून न्हाय दिसायचं. चल, घरी जाऊन उघडू." गॅस्केट नवं आणलं, सगळं परत उघडून बसवलं.

शर्यतीत सरळ धावपट्टीवर तू शेजारच्या पट्ट्यात होतास. झेंडा पडला आणि तुझी गाडी एकदम पुढं गेली. पण अर्ध्या वाटेत माझं इंजिन खुललं, तुझं मात्र तिथंच दमलं, आणि मी तुला मागं टाकलं. आबा मंडपात टोपी उडवत होते. मला आनंद झाला, पण एक गोष्ट सतावत राहिली. तेराशे सीसीचं इंजिन सुटतानाच एवढी ओढ धरत नाही. त्याचा आवाजही तसा जाड नसतो. मी केलेलं इंजिन काढून तू सोळाशेचं बसवलंयस, विजयसिंह, आणि ते घेऊन तेराशेच्या गटात उतरलास. तरी हरलास.

वर माझ्याच गाडीत मोठं इंजिन असल्याची तक्रार तू केलीस! पहिल्या दोन गाड्या सील करायची शर्यतीच्या क्लबची पद्धतच आहे, त्यामुळे दोन्ही त्यांच्या शेडमध्ये आहेत. उद्या सगळ्यांसमोर माझं इंजिन उघडून मोजतील, आणि ते तेराशेचंच निघेल. नियमावलीत पुढं अजून एक ओळ आहे. तक्रार खोटी निघाली, तर तक्रार करणाऱ्याचीही गाडी उघडायची मागणी समोरच्याला करता येते. तुझी तक्रार मागं घ्यायची मुदत आज संपली. ती संपेपर्यंत मी गप्प बसले आणि मगच माझी मागणी लिहून दिली. हे पत्र आबा तुझ्या हातात देतील ते माझं इंजिन मोजून झाल्यावर, तुझ्या बॉनेटचं सील तोडायला माणूस निघाला की. म्हणजे आत्ता. मान वर कर, मी समोरच उभी आहे. मला तुझा चेहरा बघायचा आहे, त्यासाठीच एवढं लिहिलं.

एकेकाळी तुझीच,
स्वरूपा