आधीची गाठ

१२ फेब्रुवारी
हिच्या छातीतली गाठ कॅन्सरचीच निघाली. स्तन काढायचा, असं सर्जनबाई म्हणाल्या. ही मलाच म्हणते, "अहो, तोंड पाडू नका. पेशंट मी आहे."

१५ फेब्रुवारी
पुन्हा बोलावलं. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना शंका आहे — पेशी स्तनातल्या वाटत नाहीत, दुसरीकडून आल्या असाव्यात. सर्जनबाईंनी विचारलं, आधी काही ऑपरेशन? ही चटकन म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी अंडाशयाची गाठ काढली होती. साधी होती."

साधी नव्हती! तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं — वेळेवर निघाली, पण तपासणीला येत राहा. तिच्या भावाने आणि मी ठरवलं, हिला कळू द्यायचं नाही, धसका घेईल. मग तपासणीला काय सांगून नेणार? राहूनच गेलं.

आज मी शेजारच्याच खुर्चीत होतो. नुसती मान डोलावली.

१६ फेब्रुवारी
आजही बोललो नाही.

१८ फेब्रुवारी
आधीची गाठ साधी म्हटल्यावर शंका मागे पडली. उद्या ऑपरेशन. ही सकाळीच शिवणयंत्रावर बसली. कपड्याला आतून लावायला कापसाची उशी शिवत होती. "बघा, कुणाला कळणारसुद्धा नाही."

चपला घालून तडक दवाखान्यात गेलो. सगळं सांगितलं. सर्जनबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ऑपरेशन थांबवलं.

२७ फेब्रुवारी
नक्की झालं. अंडाशयाचाच, तिथून छातीत आलेला. पोटातही आहे. स्तन काढून काहीच साधलं नसतं. आता फक्त औषधं.

हिला मीच सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन वर्षं एकटेच घेऊन बसलात? आणि मी तुम्हाला घुम्या म्हणून चिडवत होते."

नंतर, भांडी लावताना, पाठमोरी — "पण माझं होतं ना ते? मला द्यायचं होतं."

९ एप्रिल
मला ताप, म्हणून ही एकटीच दवाखान्यात गेली. गुणगुणत परत आली. औषध लागू पडतंय म्हणाली! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. औषधांतून मोकळं झालं की समुद्र बघायला जायचं ठरलं.

१४ जुलै
ती जाऊन तीन आठवडे झाले. उरलेली औषधं परत द्यायला गेलो. सर्जनबाई म्हणाल्या, उपयोग होत नाही हे तिला एप्रिलमध्येच सांगितलं होतं.

"घरी मीच सांगते म्हणाल्या. सांगितलं ना?"

मी हो म्हणालो.