तीनदा विचारा

२ मे १९३९, बुलढाणा

पोचले एकदाची! मलकापूर स्टेशनापासून मोटारीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. दादा म्हणाला होता, "वऱ्हाड म्हणजे परमुलूख, प्रांतसुद्धा निराळा." म्हणजे मी परदेशातच आले म्हणायचं. मुलांच्या उन्हाळी शिबिरात महिनाभर इंग्रजी शिकवायचं आहे. मुलं अडतीस, फळा एक, खडू अडीच.

४ मे

शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या रुखमाबाईंशी आज लढाई झाली. हरले. मी "नको" म्हटलं की त्या वाढतात. "पोट भरलं" म्हटलं की दोन वाढतात. शेवटी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर ते बाजूला सारून म्हणाल्या, "पुन्याकडं एका नकोत उठून जातात काय? इकडं तीनदा नको म्हना लागते बाई. चौथ्यांदा खा लागते!"

आमच्याकडे नको म्हणजे नको. वाढणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो.

९ मे

मिस कार्टर नावाच्या मडम वर्ग बघायला आल्या. टेकडीवर बंगला आहे त्यांचा. जूनमध्ये मुलींची शाळा उघडणार आहेत आणि इंग्रजीला बाई हवी आहे. कायमची! मी खडू पाडला, फळ्याला धडकले, पण शिकवलं बरं.

दादाचं पत्र त्याच टपालात. "नोकरी कायम झाली तर राहा. नाही तर एकतीस तारखेला परत ये. जळगावचे गृहस्थ तुला बघायला येत आहेत." गृहस्थ बिजवर, मुलं तीन, दात त्याहून थोडेच जास्त. ही नोकरी मला हवीच आहे. हवीच!

१० मे

मडमनी शिबिराच्या शेवटी सगळ्या मुलांना चहाला बोलावलंय. मी जाहीर केलं – जो इंग्रजीत बोलेल त्याला केक. वर्गातला कडूबा आल्यापासून मुका, एकदम विचारतो, "बाई, केक म्हंजे काय असते?" वर्णन केलं. तेव्हापासून अडतीसही जणं इंग्रजीच्या मागे लागली आहेत. (केकात अंडं असतं. आईला कळवायचं नाही.)

१८ मे

आज दुसऱ्याच नकोला उठले. रुखमाबाई दिवसभर बोलल्या नाहीत.

२४ मे

आता तिसऱ्या नकोपर्यंत टिकते. चौथ्यांदा खाते. पोलकी घट्ट झाली. आज टपालवाल्याने "पत्र घ्या" म्हटलं तर तोंडातून "नको नको" निघालं. काय झालंय मला!

"यस, प्लीज" आणि "नो, थँक यू" घोटून घेतलं. नऊ वर्षांची जहांआरा तर असं म्हणते की मडमनेच ऐकत राहावं.

२८ मे

सत्यानाश.

बंगल्यावर पांढरी टेबलं, त्यांवर केक. केवढा! मडम स्वतः ताट घेऊन कडूबाजवळ आल्या. "विल यू हॅव सम केक?" कडूबा उभा राहिला, खणखणीत म्हणाला, "नो, थँक यू, मॅडम." मडमना कौतुक वाटलं. जहांआरा – "नो, थँक यू, मॅडम." एकामागून एक अडतीसही जणांनी नको म्हटलं. एकही चूक नाही! आणि मडमनी केक उचलून आत पाठवून दिला.

मुलं दाराकडे बघत बसली. दुसऱ्यांदा येईल, तिसऱ्यांदा येईल. आला तो चहाच. परतीच्या वाटेवर कडूबा जे रडायला लागला! "बाई, तिनं पुन्हा काऊन नाही विचारलं?"

काय सांगू? "यस, प्लीज" शिकवलं होतं, पण पहिल्याच झटक्यात म्हणायचं हे सांगायला विसरले. मी पुण्याची असून विसरले!

२९ मे

लिहायचीसुद्धा लाज वाटते.

मडमनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलांचे उच्चार छान आहेत, माझ्या शाळेत याल का? आणि मी काय म्हणावं? "नो, नो, थँक यू. मी कुठली त्या योग्यतेची!"

"फार वाईट वाटलं," असं म्हणून मडमनी वही मिटली. नागपूरच्या एका बाईंना लिहीन म्हणाल्या. मी फाटकापाशी चांगली दहा मिनिटं उभी राहिले. कुणी हाक मारली नाही.

परत जाऊन मागायला तोंड होईना. रुखमाबाईंना सांगितलं तर भाकरी थापता थापता थांबल्या. "नको म्हनलं ते बराबरच हाय. पन त्या मडमले काही रीतभात?" जहांआरा पाण्याचा पेला घेऊन तिथेच उभी होती. सगळं ऐकलं तिने. मी मात्र पदर तोंडाला लावून रडले.

३० मे

ट्रंक भरली. जळगावच्या गृहस्थांना मुलं तीन नसून चार आहेत. दादाची तार.

३१ मे

मोटार सुटायला पाव तास असताना मडम अड्ड्यावर आल्या, मागे अडतीस मुलं, सगळ्यांच्या तोंडाला केक! जहांआरा सकाळीच सगळ्या मुलांना घेऊन बंगल्यावर गेली होती. म्हणाली होती, "मॅडम, आस्क अगेन. थ्री टाइम." हे मी शिकवलेलं नाही. आधी केकचं पुन्हा विचारायला लावलं, मग माझ्या नोकरीचं.

मडमनी बोट वर केलं. "एक. माझ्या शाळेत याल?"

"लगेच हाव म्हनू नका बाई!" रुखमाबाई मागून ओरडल्या.

"यस, प्लीज," मी म्हटलं, आणि मोटारीवरून ट्रंक खाली ओढली.