बक्षिसाची काजूकतली

शनिवार, मिसिसागा

मंडळाच्या क्विझमध्ये जुन्या टीव्हीवरचा प्रश्न आला: विनोदी शोच्या होस्टचा जोक पडला की बिग बँडमधला कोण ट्रम्पेट वाजवून त्याला चिडवायचा? नाव मी ह्यांच्या कानात सांगितलं. ह्यांनी ते ठणकावून सांगितलं. टाळ्या! "डॉक्टरांना सगळंच कसं हो माहीत!" आणि हे नुसते हसले.

परतताना गाडी मी चालवत होते, बक्षिसाचा डबा ह्यांच्या मांडीवर. म्हणे, "तुला गं कुठून माहीत?" कुठून? ह्या देशात नवीन आलो तेव्हा हे कायम ड्युटीवर, मी भाड्याच्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर एकटी. तो ट्रम्पेटवाला गाल फुगवायचा, तेव्हाच काय ती मी हसायचे. इतक्या वर्षांनी विचारलं, तेही गाल फुगेपर्यंत काजूकतली कोंबून! वर डबा पुढे करतात, "घे ना एक."

एक!